समासातली नावे

आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी देवघराच्या वर लक्ष्मीची एक तसबीर होती. साडीच्या काठावर आजीने खरी जर टाचलेली होती आणि लाकडी चौकट इतकी घट्ट बसवलेली होती की चित्राचा समास मुळीच दिसत नसे. हे चित्र कोणी काढले, कोठे छापले, हा प्रश्न त्या घरात कोणालाही पडला नाही. ते देवीचे होते, एवढे पुरेसे होते. पुढे वाडा पाडला गेला तेव्हा तसबीरही गेली.

तीच लक्ष्मी पुन्हा भेटली ती संगणकाच्या पडद्यावर. लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि वेलकम कलेक्शन, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या आंतरजालावरील संग्रहांत पुण्याच्या चित्रशाळेची आणि रविवर्मा छापखान्याची चित्रे मोठी करून पाहता येतात. ही चित्रे आपली आणि ती पाहायची परदेशी संग्रहालयांच्या कृपेने, ही बोच आहेच. पण तिथे एक लाभ झाला. चित्रांवर चौकट नव्हती. समास दिसत होता, आणि समासात छापखान्याचे नाव होते.

चित्रशाळेचेच पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हटले की आमचे विद्यार्थी ‘निबंधमाला’ आणि १८७४ हे साल सांगतात. चार वर्षांनी, १८७८ साली, याच गृहस्थाने सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रे छापण्याचा कारखाना उभा केला, हे उत्तरपत्रिकेत सहसा येत नाही. गद्याच्या इतिहासात शास्त्रीबुवांची जागा ठरलेली आहे. चित्रशाळेला त्यात एखादी ओळ मिळते. वास्तविक ‘निबंधमाला’ वाचणारे घर आणि ‘रामपंचायतन’ भिंतीवर लावणारे घर पुष्कळदा एकच असणार, आणि ज्या घरात वाचता येणारे कोणी नव्हते तिथे चित्र तरी पोचत होते. शास्त्रीबुवांच्या स्वदेशाभिमानाचा हा दुसरा हात आम्ही वाङ्मयेतिहास शिकवताना सोडून देतो. यात आमचीही चूक आहे, कारण आम्ही तसेच शिकलो.

शिळाछापाची रीत समजली की ही चित्रे वेगळी दिसू लागतात. बव्हेरियातील चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, तेलकट रेघ तेवढी शाई उचलते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा निराळा दगड. डझनभर दगड एकाच कागदावर एकामागून एक उतरवताना एक केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येणार. शिवाय दगडावर सारे उलटे काढावे लागते. आशीर्वादाचा हात उजवा छापला जावा म्हणून तो दगडावर डावा काढायचा. हे काम करणाऱ्या कारागिरांची नावे समासातही नाहीत. तिथे छापखाना असतो, कधी चित्रकार असतो. दगडावर वाकून बसलेला माणूस कोठेच नसतो.

अशा माणसांपैकी एकाचे नाव मात्र साऱ्या देशाला ठाऊक आहे, फक्त वेगळ्या कारणाने. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातील नोकरी असा प्रवास झाल्यावर ते मुद्रणाकडे वळले. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी छायाचित्रणाच्या साह्याने शिळामुद्रणाची कामे केली, १९०८ च्या सुमारास लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला हलवला. १९०९ साली जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रे आणली. मग भागीदारांशी बिनसले आणि ते बाहेर पडले. चरित्रकार येथे घाईने पुढे सरकतात, कारण पुढे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ वाट पाहत असतो. आमच्या मते मात्र थांबण्याची जागा हीच आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा गृहस्थ हौशी नव्हता. देव कागदावर कसे उतरवायचे, समोरून कसे दाखवायचे, प्रकाश कोठे पाडायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक झाले होते. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र पाहताना आपल्याला राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी पुढे लिहिले. ते दिसले याचे नवल नाही. ते त्यांनी आधी छापले होते.

‘कालियामर्दन’ (१९१९) सुदैवाने बराचसा शिल्लक आहे आणि आज घरबसल्या पाहता येतो. त्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. नागाच्या फण्यावर उभा राहून प्रेक्षकाकडे तोंड केलेला तो कृष्ण पाहावा आणि शेजारी एखादी जुनी छापील तसबीर उघडावी. दोन्हींकडे देव भक्ताच्या डोळ्यांत पाहतो आहे. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) फाळक्यांनी नाशिकला येऊन केला. तो आज उपलब्ध नाही, पण रविवर्म्याची झोपाळ्यावरची मोहिनी त्याआधीच घरोघरी पोचलेली होती.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तिथे येणारा माणूस चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना नमस्कार करतो. मुद्रक फाळके त्याला माहीत नसतात. गंमत अशी की या गावाचा दुसरा मोठा लौकिक छपाईचाच आहे. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ सालचे. त्यापूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची तिकिटे येथलीच. (छापणारे गाव गोदाकाठचे, पण सहांत ज्ञानोबा-तुकोबा नाहीत, हे मराठीच्या प्राध्यापकाला टोचणारच.) १९७१ साली फाळक्यांचे तिकीट निघाले तेही याच मुद्रणालयातून. मुद्रक अखेर आपल्याच गावच्या छपाईत उतरला.

अलीकडे आम्ही वर्गात एक साधा प्रयोग करतो. आंतरजालावरून दोन चित्रे घ्यायची आणि शक्य तितकी मोठी करायची. एकात ठिपके रांगेत, जाळीसारखे बसलेले दिसतात: ते हाफटोन, यंत्राच्या नजरेचे. दुसऱ्यात ठिपके दाट-विरळ, कोठे हात थकल्यासारखे, गालावर गोलाई घेणारे: ते दगडावर हाताने टिपलेले. विद्यार्थ्यांना आधी कंटाळा येतो, मग ते बोलेनासे होतात. एका मुलीने विचारले, हे ठिपके एका माणसाने काढले की अनेकांनी? उत्तर देता आले नाही.

पुढच्या आठवड्यात तिने घरची तसबीर आणली. पाठीमागचे खिळे काढून आम्ही वर्गातच चौकट उघडली. समास होता. वाळवीने बराच खाल्लेला, आणि खालच्या कोपऱ्यात रोमन लिपीत ‘लोणावळा’ एवढेच वाचता येत होते.