दिनविशेष – १६ ऑगस्ट १९१५ : लौका कोक कारखान्यावर पाणबुडीचा हल्ला

पहिल्या महायुद्धात याच दिवशी पहाटे जर्मनीच्या यू-२४ पाणबुडीने इंग्लंडच्या कंबरलंड किनाऱ्यावरील लौका येथील कोक कारखान्यावर तोफेचा मारा केला. किनाऱ्यालगतच्या खाणीतला दगडी कोळसा येथे हवाबंद भट्ट्यांत तापवून त्याचा कोक केला जाई. त्या वेळी निघणाऱ्या वायूतून बेंझॉल व टोल्युइन मिळे. टोल्युइनपासून टीएनटी हे स्फोटक बनते; म्हणूनच कारखाना शत्रूचे लक्ष्य ठरला. सुमारे ५५ तोफगोळे डागले गेले. एका कामगाराने प्रसंगावधान राखून झडप उघडली व वायू बाहेर सोडला. उसळलेल्या ज्वाळा पाहून कारखाना बेचिराख झाला, या समजुतीने पाणबुडी परतली, असे सांगितले जाते. एकही माणूस दगावला नाही. काही दिवसांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले.