भांड्यांवरची नावे

रोहिणखेड हे आमचे गाव. बुलढाण्याच्या घाटाखाली वसलेल्या या गावाची इतिहासाने नोंद घेतली, ती मुख्यतः लढायांमुळे. १४३७ मध्ये बहामनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला. १५९०-९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांचा निर्णायक संग्राम येथेच झाला. खुदावंतखान महदवी याने १५८२ मध्ये बांधलेली मशीदही प्रसिद्ध आहे. परंतु त्या काळी येथील माणसे कोणत्या दिव्याच्या उजेडात जेवत, धान्य कशात साठवीत, हे कोणत्याही तवारिखेत सापडत नाही. हा इतिहास लिहिला गेला नाही. तो घरोघरी वापरला गेला.

आमच्या वडिलोपार्जित घरी कोरीव चौकटीचा दरवाजा, शिसवी पेटारा, लामणदिवा, पानाचा डबा आणि तांब्याचे एक मोठे घंगाळ होते. घर पाडून नवे बांधताना या वस्तू आम्हांस अडगळ वाटल्या. लाकूड जळणास गेले. तांबे-पितळ मोडीत घातले. वजन झाले, पैसे मिळाले आणि आम्ही समाधान पावलो.

पुढे घराण्याची वंशावळ लिहावयास बसलो. पुरुषांची सात पिढ्यांची नावे मिळाली. पणजीचे नाव मात्र कोणासही सांगता येईना. तेव्हा एका वृद्ध आप्तांना स्मरण झाले की, तिच्या लग्नात माहेरहून आलेल्या घंगाळावर तिचे नाव, गाव व शक कोरलेला होता. ते घंगाळ आम्ही न वाचताच विकले होते. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हातून हे घडावे, याची खंत आजही जात नाही.

आम्ही जे गमावले, तसलेच पुण्यातील एका गृहस्थांनी जन्मभर वेचले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. राजेरजवाड्यांच्या रत्नांमागे ते लागले नाहीत. अडकित्ते, दिवे, पाय घासण्याच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वस्तूंतील कारागिरी त्यांनी ओळखली. पत्नी कमलाबाई यांची त्यांस अखंड साथ लाभली. १९६० च्या सुमारास संग्रह पंधरा हजारांच्या घरात गेला. पुढे वीस हजारांवर पोचला. हे सर्व त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. बालपणीच निवर्तलेल्या पुत्राच्या स्मरणार्थ संग्रहालयास ‘राजा’ हे नाव जोडलेले आहे. पुत्रशोक झालेल्या पित्याने साऱ्या महाराष्ट्राची स्मृती जतन केली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परदेशातही असे उदाहरण आहे. स्वीडनमधील आर्थर हाझेलियस हे आमच्यासारखेच शिक्षक. कारखानदारीच्या लाटेत शेतकऱ्यांचे पोशाख व घरसामान नष्ट होत आहे, हे पाहून त्यांनी ते गोळा केले; १८७३ मध्ये स्टॉकहोम येथे संग्रहालय उघडले आणि १८९१ मध्ये जुनी घरेच्या घरे उघड्या माळावर पुन्हा उभारली.

आज जुन्या वस्तूंना शहरांत मोठी किंमत येते व दारोदार गिऱ्हाईक फिरते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीने परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा वस्तू देशात ठेवील. तिची हकीकत घरात ठेवणे आपल्याच हाती आहे. दिवाणखान्यात शोभेसाठी मांडलेली समई कोणाची, हे ठाऊक नसेल तर ती केवळ पितळ होय.

म्हणून ज्ञातिबांधवांस, विशेषतः भगिनींस, आमची विनंती आहे. माळ्यावरील एकेक वस्तू खाली काढा. भांड्यांच्या काठांवरील व बुडावरील अक्षरे वाचा. ती चिंचेने वा राखेने फार घासू नका, कारण अक्षरे झिजतात. वस्तू कोणी आणली, कोणत्या कार्यात आली, तिला घरात काय म्हणत, हे वडीलधाऱ्यांस विचारून वहीत उतरा. विकणे अपरिहार्य झाल्यास निदान छायाचित्र व मजकूर राखून ठेवा. मंडळाने अशा नोंदींचे एक पुस्तक ठेवावे, अशीही आमची सूचना आहे.

आमच्या वंशावळीत पणजीच्या जागी आजही रिकामी रेघ आहे. आपल्या वंशावळीत ती राहू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.