नर की मादी? घाई कोणाला?

बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या गावांत परसात गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना पिल्लांपैकी कोंबडे किती व तलंगा किती, हे कळायला दीड-दोन महिने थांबावे लागते. नराचा तुरा लवकर मोठा व लाल होतो. पुढे मानेवर टोकदार पिसे येतात. या थांबण्याने बिघडत नाही. पिल्ले उकिरड्यावर पोट भरतात आणि कोंबड्यालाही गिऱ्हाईक असते.

अंड्यांच्या व्यवसायात मात्र नराला खाद्य घालणे तोट्याचे. पहिल्या महायुद्धातील टंचाईत इंग्लंडचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी पिल्लांच्या रंगावरून नर ओळखण्याचा मार्ग सुचवला. कोंबड्यात दोन झेड गुणसूत्रे असतात. कोंबडीत एक झेड व एक डब्ल्यू. समजा, पट्टेरी कोंबडीचा बिनपट्ट्यांच्या काळ्या किंवा तांबड्या कोंबड्याशी संकर केला. आईच्या झेडवरील पट्ट्यांचे जनुक फक्त नर पिल्लांना मिळते व त्यांच्या डोक्यावर जन्मतःच पांढुरका ठिपका दिसतो.

पण प्रत्येक जातीत असा रंगभेद नसतो. जपानमध्ये मासुई व हाशिमोतो यांनी पिल्लाच्या गुदद्वारातील सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची पद्धत बसवली. १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ती जगापुढे आली. दोन महिन्यांची वाट एका दिवसावर आली. त्याचबरोबर अंड्यांच्या जातीचे नर पहिल्याच दिवशी मारले जाऊ लागले.

जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. तेथे आता उबवणीतल्या अंड्यातच लिंग तपासले जाते. ज्ञान तेच, परसात ते उशिरा मिळते, म्हणून तिथला कोंबडा निदान वाढतो तरी.