भंडाऱ्याचे एक खासदार : कै. अशोक मेहता

नाकाडोंगरीच्या आसपास राहणाऱ्या ज्ञातिबांधवांस चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी ठाऊक नाहीत, असे सहसा होणार नाही. परंतु लोकसभेत भंडाऱ्याचे प्रतिनिधित्व एके काळी भावनगरास जन्मलेल्या एका गुजराती गृहस्थाने केले, हे आमच्या तरुण पिढीपैकी किती जणांस माहीत असेल? कै. अशोक मेहता हे ते गृहस्थ होत.

त्यांचा जन्म १९११ सालचा. गुजराती साहित्यिक रणजितराम मेहता हे त्यांचे वडील. सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९४८ साली हिंद मजदूर सभा निघाली, तेव्हा नागपूरचे कामगारनेते रुईकर तिचे अध्यक्ष व मेहता सरचिटणीस झाले. विदर्भाशी त्यांचा संबंध निवडणुकीपुरताच नव्हता, हे यावरून ध्यानात येईल.

१९५४ साली भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आपला जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ द्विसदस्य असल्याने प्रत्येक मतदारास दोन मते होती, व दोहोंपैकी एक जागा राखीव होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे मेहता निवडून आले. परगावच्या, परभाषिक व आपल्या कोणत्याही ज्ञातीत न बसणाऱ्या माणसास भंडाऱ्याने पसंती दिली, याचा अभिमान वाटणे साहजिकच आहे. मात्र त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले व काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. दुसरे मत वाया घालवा, असे आपल्या अनुयायांस सांगण्याचे बाबासाहेबांनी नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. पहिल्या निकालाची आठवण काढताना दुसरा निकाल झाकून ठेवणे प्रस्तुत लेखकास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या मतदारांनी भाषेची व प्रांताची भिंत ओलांडली, त्यांच्यातील कित्येकांस जातीची भिंत ओलांडता आली नसावी काय? आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थेने हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावयास हवा.

मेहतांच्या पुढील आयुष्यात वळणे पुष्कळ आली. १९६४ साली ते काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा जुने सोबती दुखावले, व ते अकारण नव्हे. पुढे केंद्रात मंत्रिपद मिळाले. पण १९६८ साली सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या असता भारत सरकारने स्पष्ट निषेध केला नाही, म्हणून त्यांनी ते पद सोडले. दूरच्या एका लहान राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी आपली खुर्ची सोडणारे मंत्री आपल्याकडे फारसे आढळत नाहीत. काँग्रेस फुटल्यावर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली जाताच त्यांस अटक झाली. साठी ओलांडलेले मेहता, तरुणपणी परकीय सत्तेने धाडले होते तसे, आता स्वकीयांच्या राज्यात पुन्हा बंदिवान झाले.

त्यांचे जे कार्य गावखेड्यापर्यंत पोहोचावयाचे होते, ते याच्याही नंतरचे. डिसेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने पंचायत राज्याचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट १९७८ च्या अहवालात १३२ शिफारशी होत्या. जिल्हा परिषद व तिच्याखाली सुमारे पंधरा ते वीस हजार लोकवस्तीची मंडळ पंचायत अशी द्विस्तरीय रचना समितीने सुचविली. अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात व पंचायतींस घटनेचा आधार मिळावा, असेही तीत होते. महाराष्ट्राने १९६२ पासूनची आपली त्रिस्तरीय पद्धतच कायम ठेवली, आणि केंद्रातील ते सरकार १९७९ साली कोसळल्याने अहवाल दिल्लीत तसाच पडून राहिला.

डिसेंबर १९८४ मध्ये मेहता निवर्तले. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तीत मंडळ पंचायत नव्हती, परंतु पंचायतींस घटनेचा आधार व अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा या दोन्ही गोष्टी होत्या.