बिनतारी मालट्रकाची प्रतिकृती : बांधणी, रंग आणि परिभाषा

छंद म्हणून घडविलेल्या यांत्रिक प्रतिकृतींकडे आपल्या इतिहासलेखनाने फारसे लक्ष दिलेले नाही. खेळण्यांच्या इतिहासात त्या अवघड ठरतात आणि यंत्रांच्या इतिहासात किरकोळ. बिनतारी संदेशाने चालणारा, दगडधोंड्यांच्या वाटेवर चढू शकणारा हातभर लांबीचा मालट्रक हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. हा छंद परदेशी असून आपल्याकडे तो केवळ आयात झाला, असा सर्वसाधारण समज आहे. चासी, मोटर आणि प्रक्षेपक यांच्यापुरता तो बरोबर आहे. परंतु अशा ट्रकाची बॉडी स्वतः बांधणे व ती रंगविणे, हा जो या छंदाचा गाभा, त्याची पूर्वपीठिका शोधण्यास पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा सोडून दूर जाण्याचे कारण नाही. या मताचा आधार मुख्यतः भाषिक आहे.

परदेशातील इतिहास थोडक्यात असा. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे तारेवाचून हुकूम पाळणारी लहान नौका दाखविली. मोटारीची प्रतिकृती घरोघर जाण्यास मात्र पाऊण शतक लागले. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ ही बिनतारी गाडी जुळणीसंचाच्या रूपाने बाजारात आणली. १९७९ मध्ये वाळूत व खाचखळग्यांत चालणाऱ्या गाड्या आल्या आणि १९८१ मध्ये टोयोटा हायलक्स या मालवाहू गाडीची दशांश प्रतिकृती आली. तिला शिडीसारखी चौकट होती, तीन गतींचा गिअरबॉक्स होता आणि खरे पाटे होते. खेळणे आणि ट्रक यांतील सीमारेषा तेथे पुसली गेली.

आपल्याकडे या गोष्टी उशिरा पोहोचल्या त्यास दोन कारणे होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून बिनतारी उपकरण बाळगण्यास मनाई केली होती, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध २००१ पर्यंत पुरते उठले नव्हते. आजचे बहुतेक प्रक्षेपक ज्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, त्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना २००५ साली परवान्यातून सूट मिळाली. मुलाच्या हातातील गाडीचा इतिहास तारखात्याच्या राजपत्रातून वाचावा लागतो, ही गोष्ट मौजेची खरी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जपानी वा अमेरिकी छंदिष्ट जेव्हा स्वतःच्या कल्पनेची बॉडी बांधतो, तेव्हा तो कारखान्यातून आलेल्या ठरीव नमुन्यापासून दूर जात असतो. आपल्या देशात खरा ट्रकच बहुधा असा बांधला जाई. कारखाना इंजिनासह चासी विकी; तिच्यावर हौदा, फळ्या, पत्रा आणि रंग चढविणे हे मालकाने निवडलेल्या बॉडी-बिल्डरचे काम असे. टेल्कोचा पुणे प्रकल्प १९६६ साली पिंपरी परिसरात उभा राहिला. आकुर्डीस बजाज टेम्पोचा कारखाना आला. त्यांच्या आसऱ्याने पत्रेकाम, जोडकाम व रंगकाम करणारे असंख्य छोटे धंदे भोसरी-चिंचवडच्या बाजूस वाढले. मराठीत आपण बॉडी ‘करून’ घेत नाही, ‘बांधून’ घेतो, जसे घर बांधतो. विकत आणलेल्या तयार चासीवर आपल्या मनाजोगी बॉडी बांधणारा छंदिष्ट म्हणूनच नवे काही करीत नसून एका प्रस्थापित व्यवसायाची रीत दशांश प्रमाणात गिरवीत असतो.

शब्दांची वाटणी हेच सांगते. इंजिन, क्लच, गिअर, एक्सल हे सारे इंग्रजी; बैलगाडीचा ‘आस’ हा शब्द हाताशी असूनही ट्रकाखाली शिरला नाही. उलट माल वाहणारे, झाकणारे व रंगणारे भाग आपल्या शब्दांनी ओळखले जातात: हौदा, फाळका, पत्रा, अस्तर. हत्तीच्या पाठीवरून ‘हौदा’ थेट ट्रकाच्या पाठीवर आला. जे विकत आले ते इंग्रजी नावानिशी आले, जे येथे बांधले गेले त्याला येथले नाव मिळाले. ‘पाटे’ हा अपवाद होय. ते चासीबरोबरच येतात. पण आपल्या रस्त्यांवर ते वारंवार तुटत आणि गावच्या कारागिराकडे जात, म्हणून बहुधा त्यांचे नामकरण झाले. ‘टेम्पो’ची गोष्ट याहून निराळी. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाडीचे ते नाव; १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोबरोबर ते आले आणि लहान मालगाडीचे सामान्यनाम झाले. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी आपण घरसामान हलविण्यास अजून टेम्पोच सांगतो.

मात्र ही परंपरा लहान प्रमाणात जशीच्या तशी उतरत नाही. लांबी दशांश झाली की घनफळ सहस्रांश होते. दोन टनांचा ट्रक दोन किलोंचा व्हावयास हवा. रंगाचा थर तर प्रमाण मानीतच नाही. मोटारीवरील रंगाची जाडी ढोबळमानाने शंभर मायक्रॉन धरली, तर प्रतिकृतीवर ती दहा मायक्रॉन हवी. गॅरेजमधील रंगारी सवयीने लांबी भरून, घासून, तीन हात मारील तर दरवाजाच्या फटी व रिव्हेटांची डोकी लेपाखाली बुजून जातील. कारागिरी चांगली आणि काम बिघडलेले, असा हा प्रकार.

पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक कवचाने तर सारा क्रमच फिरविला. हे प्लॅस्टिक १९५३ मध्ये जर्मनीत व अमेरिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झाले. धडक सोसण्याचा त्याचा गुण मोठा. पण गॅरेजमधील थिनरने ते तडकते, म्हणून त्याला लवचीक, खास रंग लागतो, आणि ओरखड्यांपासून बचावासाठी तो आतून द्यावा लागतो. बाहेरून जे सर्वांत वर दिसावयाचे, त्या रेघा व अक्षरे आधी काढावयाची. मुख्य रंग मागाहून. आणि फिकट रंगातून उजेड आरपार जाऊ नये म्हणून पांढरा वा काळा हात शेवटी.

हा उलटा क्रम महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. काचेच्या मागील बाजूने चित्र रंगविण्याची कला अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर पश्चिम हिंदुस्थानात रुजली. तशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. त्या चित्रकारालाही डोळ्याची बाहुली आधी व चेहरा नंतर रंगवावा लागे. बॉडी-बिल्डर आणि काचचित्रकार यांचा परस्परांशी संबंध आल्याचे कोठे दिसत नाही. त्यांच्या रीती या लहानशा कवचात प्रथमच एकत्र आल्या आहेत.

येथे ‘अस्तर’ या शब्दाचे जे होते ते लक्षणीय आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ वस्त्राची आतली बाजू. रंगाऱ्याने तो पृष्ठभागावर प्रथम देण्याच्या हातास लावला, कारण पुढील रंगांखाली तो झाकला जातो. पारदर्शक कवचाच्या रंगकामात मात्र हा पाठीचा हात सर्वांत शेवटी, सर्वांच्या आत बसतो, अंगरख्याच्या अस्तरासारखाच.