शाळेची पट्टी कोण भरत आलं?

घरपट्टी वाढवायचा विषय निघाला की ग्रामसभेत आवाज चढतात. "शाळेसाठी आम्हीच का भरायचं?" असं आपल्यातलीच कुणी विचारते. पण शाळेसाठी आपण आज पहिल्यांदा भरत नाही. ही गोष्ट फार जुनी आहे.

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला. आपला भंडारा त्यात होता. गावोगाव मालगुजार होते. ते सरकारात शेतसारा भरत, आणि त्यासोबत रस्ते, शाळा, टपाल यांचा उपकरही. भरणारा हात मालगुजाराचा, पण पैसा यायचा कुळाच्या धानातून, चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या कष्टातून. त्यांच्या मुली मात्र शाळेत क्वचितच दिसत.

मुंबई इलाख्यातही तेच. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी स्पष्ट मांडलं : पैसा रयतेच्या घामाचा, शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणासाठी राखा, ही त्यांची मागणी होती.

१९५१ साली मालगुजारी गेली. मागे राहिले तिचे मामा तलाव. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. त्याच वर्षीच्या कायद्याने शहरांतल्या घरा-इमारतींवर शिक्षण उपकर बसला. आपली घरपट्टी ग्रामपंचायतीची, गुरुजींचा पगार सरकारचा.

हे बरंच आहे. अमेरिकेत शाळा बऱ्याच अंशी घरा-जमिनीच्या करावर चालतात. त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, गरीब गावाची गरीब. शे-दोनशे घरांच्या गावानं पट्टीतून मास्तर पोसायचा म्हटलं, तर शाळा बंदच पडायची.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. शिक्षक देणं सरकारचं काम, ते पट्टीवर ढकलू द्यायचं नाही. शाळेचा नळ, मुलींचं संडास, गळकं छप्पर यासाठी पट्टी वाढणार असेल, तर आधी हिशेब मागायचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत.

आपल्या आज्यांनी भरलं, पण विचारलं नाही. त्यांना कुणी विचारू दिलं नाही. आपण भरू, आणि पावती हातात धरून विचारू.