व्हिट्‌बीचा किनारा आणि फ्रँक सट्क्लिफची छायाचित्रे : एका साधनाची चिकित्सा

इतिहासाचे साधन म्हणून छायाचित्र हाती येते तेव्हा अभ्यासकाची दृष्टी प्रथम त्यातील माणसांकडे जाते. वेश, घरे, अवजारे, नौका यांची तो नोंद करतो आणि चित्राला प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा मान देऊन मोकळा होतो. परंतु कागदपत्राची जशी बाह्य व अंतर्गत परीक्षा करावी लागते, तशी ती छायाचित्राचीही करावी लागते. ते कोणत्या साहित्याने काढले, कोणत्या वेळी काढणे शक्य होते आणि कोणत्या वेळी अशक्य होते, हे ठरल्यावाचून त्याच्या साक्षीचे मोल ठरत नाही. समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रांत ही परीक्षा दोन गोष्टींपासून सुरू होते : ऊन कोणत्या बाजूने पडले आहे आणि पाणी कोठवर आले आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिट्‌बी या बंदरात फ्रँक मेडो सट्क्लिफ (१८५३-१९४१) याने जन्मभर जे काम केले, त्याची येथे या दृष्टीने तपासणी करावयाची आहे. त्या चित्रांवरून यॉर्कशरच्या मच्छीमार समाजाचे जे रूप आज सर्वत्र परिचित झाले आहे, ते कितपत पूर्ण आहे, हा या तपासणीमागील खरा प्रश्न होय.

प्रथम स्थळाचा विचार करणे अवश्य आहे. एस्क नदी दक्षिणेकडून येऊन व्हिट्‌बी येथे उत्तर समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर उंच कडे आहेत. पूर्वेकडील कड्यावर जुन्या मठाचे अवशेष व सेंट मेरीचे चर्च असून तेथे जाण्यास १९९ पायऱ्या चढाव्या लागतात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बहुतेक बंदरांचे तोंड पूर्वेस असते. व्हिट्‌बीचे उत्तरेस आहे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तेथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. पुलावरून समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी दुपारचे ऊन येते आणि दृश्य सपाट भासते. पश्चिम तीरावरून सकाळी पूर्वेकडे पाहिले, तर सूर्य समोरून येतो, पलीकडची घरे स्वतःच्या सावलीत राहतात व नौकांच्या डोलकाठ्या काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. उधाणाच्या भरती-ओहोटीतील पाण्याचा चढउतार येथे साडेचार ते पाच मीटरांपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत तो सुमारे दोन मीटरच असतो. एकच धक्का एका प्रहरी पाण्याने वेढलेला, तर दुसऱ्या प्रहरी चिखलावर उघडा पडलेला दिसतो.

अशा स्थळाचे चित्र घेणे एकोणिसाव्या शतकात सोपे नव्हते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखून, ती ओली आहे तोवर चित्र घेऊन लगेच धुवावी लागे. हे सारे दहापंधरा मिनिटांत आटोपावे लागत असल्यामुळे अंधाऱ्या खोलीचा तंबू छायाचित्रकाराबरोबर फिरे. त्याहून मोठी अडचण रंगांची होती. त्या काळचे रजतक्षार निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळे. परिणामी खडक, वाळू व नौका नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरे होऊन जाई. ढग मिळाले, तर जमीन काळवंडे. जमीन मिळाली, तर ढग नाहीसे होत.

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने या अडचणीतून काढलेली वाट प्रसिद्ध आहे. १८५६ ते १८५८ या काळात त्याने नॉर्मंडीच्या व भूमध्यसागराच्या किनाऱ्यावर जी सागरचित्रे घेतली, त्यांपैकी काहींत समुद्राची एक काच व आकाशाची दुसरी काच क्षितिजरेषेवर जोडून एकच प्रत छापली आहे. सेत येथील १८५७ च्या ‘मोठी लाट’ या चित्रात हा जोड आहे. एकच आकाश त्याने निरनिराळ्या समुद्रांवर योजिल्याचेही आढळते. कलाकृती म्हणून या चित्रांचे मोल वादातीत आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांतून सावधगिरीचा पहिला धडा मिळतो. वरचे आकाश आणि खालचे पाणी एका क्षणाचे नसतील, तर ‘त्या दिवशीचा समुद्र’ असा शब्दप्रयोग करण्यास आधार उरत नाही.

सट्क्लिफच्या हाती साहित्य आले ते पुढच्या पिढीचे. रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचा त्या दशकाच्या अखेरीस बाजारात मिळू लागल्या. काच घरून तयार नेता येऊ लागली आणि चित्रास लागणारा वेळही पुष्कळ कमी झाला. सट्क्लिफचा जन्म लीड्‌सजवळील हेडिंग्ली येथे झाला. वडील टॉमस हे चित्रकार. १८७० मध्ये कुटुंब व्हिट्‌बीजवळ राहावयास आले आणि पुढच्याच वर्षी वडील वारले. केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स येथे त्याने थाटलेला धंदा बुडाला, तेव्हा १८७६ मध्ये तो व्हिट्‌बीस परतला व जेट नावाच्या काळ्या शोभेच्या दगडाचे काम जेथे पूर्वी चाले, अशा एका रिकाम्या कारखान्यात त्याने चित्रशाळा उघडली. त्याचे पोट भरले ते उन्हाळ्यात हवापालटासाठी येणाऱ्या लोकांची व्यक्तिचित्रे काढून. ज्या महिन्यांत ऊन सर्वांत चांगले, त्याच महिन्यांत तो चित्रशाळेत अडकलेला असे. दूर जाणे परवडत नसे. एकदोन मैलांच्या दोरीने बांधून ठेवल्यासारखी आपली स्थिती आहे, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. बंदराची चित्रे निघाली ती या दोरीच्या लांबीत आणि धंद्यातून सुटलेल्या वेळात.

या परिस्थितीने त्याच्या चित्रांना विशिष्ट प्रकाश दिला. सकाळी लवकर, गिऱ्हाईक येण्यापूर्वी, बंदरावर धुके असे आणि त्यात घरांच्या चुलींचा धूर मिसळे. पूर्वतीर त्यात विरघळून जाई आणि जवळची नौका वा माणूस तेवढा स्पष्ट राही. धुक्यात आकाश मुळातच पांढरे असते. म्हणून काचेचा तो जुना दोष येथे दोष वाटत नाही. निळ्या आकाशाखाली जे खोटे दिसले असते, ते धुक्याखाली खरे दिसले. सट्क्लिफच्या व्हिट्‌बीवर सदैव धुके पसरलेले असावे असा वाचकाचा समज होतो. त्याचे कारण हवामानात जितके आहे तितकेच छायाचित्रकाराच्या दिनक्रमात व त्याच्या साहित्याच्या मर्यादेत आहे.

भरती-ओहोटीचे गणित याहून कडक आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणजे तेच पाणी आणि तोच प्रहर यांची पुन्हा गाठ पडावयास जवळजवळ पंधरवडा लागतो. शिवाय कोणत्याही एका बंदरात उधाणाची भरती घड्याळाच्या ठरावीक वेळेच्या आसपासच येते. त्यामुळे पूर्ण ओहोटी व तिरपे ऊन यांचा विशिष्ट मेळ त्या स्थळी महिन्यातून थोडेच दिवस जमतो. त्यांतही धुके, पाऊस किंवा चित्रशाळेतील काम आडवे आले, तर पुढच्या पक्षाची वाट पाहावी लागते. एकाच धक्क्याकडे वर्षानुवर्षे परत जाणाऱ्या माणसाला हे अनुभवाने कळते. एक दिवसाच्या प्रवाशाला कळत नाही.

याच गणिताचा उपयोग अभ्यासकाला उलट दिशेने करता येतो. ब्रिटिश नौदल खात्याने भरतीची वेळापत्रके १८३३ पासून छापली आहेत, आणि गतकाळातील भरतीची वेळ गणितानेही काढता येते. चित्रातील सावलीवरून ऋतू व प्रहर, तर धक्क्याच्या दगडांवर पाणी कोठवर आहे त्यावरून भरतीची अवस्था ठरविली, तर दिनांक नसलेल्या चित्रासाठीही संभाव्य दिवस पुष्कळ कमी करता येतात. अर्थात येथे सावधगिरी हवी. वाऱ्याच्या जोराने पाण्याची पातळी वेळापत्रकापेक्षा वरखाली होते, नदीच्या तळाशी गाळ साचतो वा उपसला जातो, आणि व्हिट्‌बीच्या दोन्ही धक्क्यांची लांबीही १९१२ मध्ये वाढविण्यात आली.

पाण्याच्या पातळीला सामाजिक अर्थही आहे. स्टेथ्स, रन्सविक, रॉबिन हुड्‌स बे ही या किनाऱ्यावरील मच्छीमार गावे. लांब दोरीला शेकडो गळ बांधून मासे धरण्याच्या पद्धतीत प्रत्येक गळाला आमिष लावावे लागे. ते आमिष, म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले, ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरून खरवडून आणण्याचे काम मुख्यतः स्त्रिया व मुली करीत. शिंपल्यांतील मांस काढणे व गळांना आमिष लावणे हे कामही बव्हंशी त्यांच्याच हातचे होते. ओहोटी म्हणजे स्त्रियांच्या श्रमाची वेळ आणि भरती म्हणजे नौका हलण्याची, पुरुषांची वेळ, अशी विभागणी या किनाऱ्यावर स्थूलमानाने दिसते. म्हणून ओहोटीच्या चित्रांचा एक गट व भरतीच्या चित्रांचा दुसरा गट असे वेगळे न करता ‘मच्छीमार जीवन’ या एकाच मथळ्याखाली सारी चित्रे मांडली, तर पाण्याच्या वेळेचा परिणाम समाजाचा स्वभाव म्हणून वाचला जाण्याचा धोका आहे. धक्क्यावर पाइप ओढीत रेंगाळणारा म्हातारा आणि डोक्यावर टोपली घेतलेली मुलगी शेजारी शेजारी ठेवली म्हणजे पुरुष आळशी व स्त्री कष्टाळू असे वाटू लागते. तरुण पुरुष त्या वेळी समुद्रात होता किंवा रात्रभर हेरिंगची जाळी सोडून आल्यावर झोपला होता, हे चित्र सांगत नाही.

सर्वांत मोठी उणीव वादळाची आहे. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिट्‌बीच्या जीवरक्षक नौकेवरील तेरांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, कारण नव्या बनावटीचे बुचाचे जाकीट त्यानेच घातले होते. त्या दिवसाचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. जे आहे ते सुमारे वीस वर्षांनंतरचे : सट्क्लिफने टिपलेला, तेच बुचाचे जाकीट अंगावर चढविलेला दाढीधारी फ्रीमन. तो तेव्हा त्या नौकेचा तांडेल होता. आपत्तीची साक्ष येथे एका स्थिर व्यक्तिचित्राच्या रूपाने उरली आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २४ ऑक्टोबर १८८५ रोजी नार्वा बंदराचे ‘दिमित्री’ हे रशियन गलबत वादळात व्हिट्‌बीच्या बंदरात शिरून वाळूवर चढले. सट्क्लिफने त्याचे चित्र घेतले आहे. त्यात वादळ नाही; वाळूत रुतलेले गलबत आहे. जोरदार वारा, उसळणारे पाणी व अंधारून आलेले आकाश ही काचेच्या आवाक्याबाहेरची होती, म्हणून छायाचित्रकार घटनेनंतर आला. पाच वर्षांनी, १८९० च्या उन्हाळ्यात, ब्रॅम स्टोकर हा लेखक व्हिट्‌बीस राहिला व किनारारक्षकाकडून त्याने या अपघाताची हकीकत ऐकली. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत तेच गलबत ‘डिमीटर’ या नावाने मध्यरात्रीच्या वादळातून बंदरात शिरते. काचेवर न उमटलेले वादळ अशा रीतीने तोंडी हकीकतीतून कादंबरीत गेले. तिन्ही साधने एकत्र ठेवल्यावाचून त्या वादळाची कल्पना येत नाही.

१८८६ च्या ‘वॉटर रॅट्स’ या चित्राबद्दलही असेच म्हणता येईल. उथळ पाण्यात नौकेभोवती खेळणारी उघडी मुले, मागे धुक्यात विरलेली बंदराची रेघ, असे हे चित्र. स्थानिक धर्मोपदेशकांनी त्यावर रोष धरल्याची कथा सांगितली जाते. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या युवराजाने मात्र त्याची मोठी प्रत विकत घेतली. मुलांची जुळणी इतकी सुबक आहे की निव्वळ योगायोगाने ती घडली असे मानणे कठीण. म्हणून चित्र खोटे ठरत नाही. त्या पाण्यात त्या मुलांनी खेळणे हे नित्याचे होते. मांडणी छायाचित्रकाराची, पाणी व प्रकाश त्या दिवसाचे. कोणता भाग कोणाचा हे वेगळे करणे, एवढेच अभ्यासकाचे काम.

सट्क्लिफ १९२२ मध्ये धंद्यातून निवृत्त झाला आणि पुढील वर्षापासून व्हिट्‌बीच्या वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून काम पाहू लागला. ज्या बंदराची चित्रे त्याने घेतली होती, त्याच्याच वस्तू त्याने अखेरच्या काळात सांभाळल्या, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो किनाराही स्थिर नाही. २०१२ च्या अखेरीस अतिवृष्टीने पूर्वेकडील कड्याचा काही भाग घसरला. जुन्या चित्रांतील कड्याची रेषा अशा वेळी तुलनेसाठी उपयोगी पडते. मात्र ती तुलना करावयाची तर ऊन व पाणी यांची अवस्था प्रथम जुळवावी लागते, कारण ओहोटीच्या चित्रात किनारा सदैव रुंद व भरतीच्या चित्रात अरुंद दिसतो.

एक प्रतिभावान छायाचित्रकार एका किनाऱ्याकडे अर्धशतक पाहत राहिला, म्हणून तो सारा किनारा आपल्या हाती आला, असे मानणे चुकीचे ठरेल. हाती आला तो शांत पाण्याचा, कोवळ्या उन्हाचा, धंद्यातून सवड मिळालेल्या सकाळींचा किनारा. रात्रीची जाळी, फेब्रुवारीचे वादळ आणि समुद्रात बुडालेली बारा माणसे त्या चौकटीबाहेर राहिली. त्यांचा शोध घेण्यासाठी जीवरक्षक नौकांची दप्तरे, चर्चमधील दफनाच्या नोंदी व लोकांच्या तोंडच्या हकीकती यांकडेच वळावे लागते; आणि छायाचित्रात पाणी कोठवर आले होते हे ज्याने प्रथम पाहिले, त्यालाच या साधनांकडे केव्हा वळावयाचे ते कळते.